झैद: कुराणात उच्चारलं जाणारं नाव

झाय, या, दाल. अरबी लिपीतली तीन अक्षरं आणि त्यांचं एक छोटंसं नाव, झैद. अर्थ सरळ आहे: वाढ, भरभराट. आपण मराठीत 'जादा' म्हणतो, तो शब्दही याच अरबी धातूतून फारसीमार्गे आलेला. अरब टोळ्यांमध्ये हे नाव इस्लामच्या आधीपासून ठेवलं जायचं. पण इस्लाममध्ये त्याला जे मोल आलं, ते एका पळवून नेलेल्या मुलामुळे.

सहाव्या शतकाचा उत्तरार्ध. कल्ब टोळीतल्या हारिसाचा मुलगा झैद आईबरोबर आजोळी गेला होता. घोडेस्वारांची धाड पडली. पोराला उचललं, उकाझच्या बाजारात गुलाम म्हणून विकलं. तिथून तो मक्केत हजरत खदीजांच्या घरी पोचला आणि त्यांनी तो आपल्या पतीला, मुहंमदांना दिला. तेव्हा त्यांना पैगंबरपद मिळालेलं नव्हतं.

इकडे बाप वेडापिसा झालेला. जुन्या चरित्रकारांनी त्याचं शोककाव्य जपून ठेवलंय: झैदसाठी मी रडलो, त्याचं काय झालं ठाऊक नाही, तो जिवंत तरी आहे का?

काही वर्षांनी यात्रेकरूंकडून पत्ता लागला. हारिसा भावाला घेऊन, खंडणीचे पैसे बांधून मक्केत आला. मुहंमद म्हणाले, पैसे नकोत, त्यालाच विचारू. तुमच्याकडे येतो म्हणाला तर तो तुमचा. आणि झैदने मुहंमदांजवळ राहणं निवडलं. बाप कळवळून म्हणाला, स्वातंत्र्य सोडून गुलामी पत्करतोस? तेव्हा मुहंमदांनी त्याला काबाजवळ नेलं आणि सर्वांना साक्षी ठेवून जाहीर केलं: हा माझा मुलगा. त्या दिवसापासून लोक त्याला झैद बिन मुहंमद म्हणू लागले.

पुढे मदिनेत आयत, म्हणजे कुराणातलं वचन, उतरली. सूरह अल-अहझाब या अध्यायाची 5वी आयत सांगते, दत्तक मुलांना त्यांच्या जन्मदात्या बापाच्या नावाने हाक मारा. झैद पुन्हा झैद बिन हारिसा झाले. सांभाळलेल्या मुलाचं कूळ बदलायचं नाही, हा इस्लामी नियम आजही याच आयतीवर उभा आहे.

केवढा मोठा मान गेला असेल! पण त्याच सूरहच्या 37व्या आयतीत, हजरत झैनब यांच्याशी त्यांचा काडीमोड झाल्याच्या संदर्भात, झैद हे नाव स्पष्टपणे येतं. अबू बकर, उमर, उस्मान, अली... पैगंबरांच्या इतक्या थोर साथीदारांपैकी एकाचंही नाव कुराणात नाही. आहे ते फक्त झैद यांचं. काही भाष्यकार म्हणतात, 'बिन मुहंमद' गेलं त्याची ही भरपाई. मला हे पटतं. जिथे जिथे ही सूरह पढली जाते, तिथे हे नाव उपासनेचा भाग म्हणून उच्चारलं जातं. आणि योग असा, की पैगंबरांनंतर कुराण एकत्र लिहून काढण्याची जबाबदारी अबू बकर यांनी सोपवली तीही एका झैदवरच, झैद बिन साबित यांच्यावर.

इ.स. 629. आजच्या जॉर्डनमधलं मुअता. समोर बायझंटाईन फौज. मुस्लिम सैन्याचे पहिले सेनापती झैद बिन हारिसा, निशाण त्यांच्याच हाती. लढता लढता ते तिथेच शहीद झाले. त्यांची कबर तिथून जवळच, अल-मझार गावात आहे.

तीन वर्षांनी पैगंबरांनी आणखी एक मोहीम आखली आणि सेनापती नेमला झैद यांचा मुलगा उसामा, विशीही न ओलांडलेला. अनुभवी मंडळींत कुजबुज सुरू झाली. पैगंबर म्हणाले, याच्या बापाला नेमलं तेव्हाही तुम्ही बोट ठेवलं होतं. अल्लाहची शपथ, तो त्या पदाला लायक होता, आणि त्याच्यामागे हाही आहे.