एकच मुद्राचित्रकार जमवावा

(ठाण्यातील एका व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय ‘आधुनिक अमूर्त मुद्राचित्रांचा संग्रह कसा करावा’ असा छापला आहे. इथे मुद्राचित्र म्हणजे चित्रकाराने स्वतः कोरलेल्या धातूच्या प्लेटवरून कागदावर छापलेले चित्र, आणि अमूर्त म्हणजे ओळखीची आकृती नसलेले. माझे उत्तर थोडक्यात सांगता येते. दहा चित्रकारांचे एकेक चित्र घेण्यापेक्षा एकाच मुद्राचित्रकाराची दहा चित्रे घ्यावीत, आणि जमल्यास त्यांतली दोन-तीन एकाच प्लेटवरून काढलेली असावीत. एकाच प्लेटवरची तीन चित्रे घरात कशासाठी, असे आपल्या मनात आले असेल, तर त्याचे उत्तर देण्यासाठीच मी उभा आहे. उदाहरण म्हणून कृष्णा रेड्डी या भारतीय मुद्राचित्रकाराचे काम घेणार आहे, कारण एचिंगबद्दल, म्हणजे प्लेटवर आम्लाने रेषा खोदून छापण्याच्या पद्धतीबद्दल, मला जे काही कळले आहे, ते मुख्यतः त्यांची चित्रे हातात धरून कळले आहे.

प्रथम आपल्याच गावाबद्दल. तांब्यावर कोरलेल्या रेषेचे आणि ठाण्याचे नाते फार जुने आहे. शिलाहार राजा अरिकेसरी याचा शके ९३९ चा, म्हणजे इसवी सन १०१७ चा ताम्रपट १७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात खोदकाम चालू असताना सापडला. त्या ताम्रपटात दानाचा मजकूर तांब्यावर सरळ वाचता येईल असा कोरलेला आहे, आणि तो पत्राच मूळ दस्तऐवज आहे; पत्रा वितळला असता तर दानाचा पुरावाही गेला असता. आता मिरजेला या. गंगाधरराव पटवर्धनांनी १८०५ मध्ये तांब्याच्या पत्र्यांवर कोरवून भगवद्गीता छापवून घेतली. छापायचे म्हटल्यावर अक्षर पत्र्यावर उलटे कोरावे लागते, पत्रा साधन होतो आणि वाचायची गीता कागदावर उतरते. या दोन पत्र्यांमधले अंतर ज्याच्या लक्षात आले, त्याला मुद्राचित्राचे मर्म कळले असे मी मानतो. मुद्राचित्रकाराची प्लेट हे चित्र नसते. शाई भरून, ओलसर कागद घालून ती प्रेसमधून गेली की चित्र पहिल्यांदा अस्तित्वात येते, आणि त्याच प्लेटवरून पुढे जितके कागद निघतात, तितक्या वेळा ते नव्याने अस्तित्वात येते. म्हणून त्यातला प्रत्येक कागद मूळ असतो.

ही गोष्ट आपल्याकडे रुजलेली नाही, आणि तिची किंमत चित्रांना मोजावी लागते. नौपाड्यातल्या माझ्या एका स्नेह्यांना त्यांच्या मामांकडून एक जुने एचिंग मिळाले. मामा मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या एका चित्रकाराचे मित्र होते आणि चित्रकाराने ते त्यांना स्वतः दिले होते. झिंकच्या प्लेटवरचे काम होते. आकृती कोणतीच नव्हती, काळ्याच्या चार-पाच छटा आणि त्यांतून तिरप्या जाणाऱ्या खोल रेषा होत्या. मी ते फ्रेमविना पाहिले होते. चारही बाजूंना रुंद कोरा समास होता, प्लेटच्या कडेची दाबाची खूण बोटाला स्पष्ट जाणवत होती, आणि त्या खुणेच्या खाली पेन्सिलने डावीकडे क्रमांक, मधे शीर्षक आणि उजवीकडे सही होती. पुढे त्यांच्या घरी गेलो, तेव्हा ते दिवाणखान्यात सोनेरी पट्टीच्या फ्रेममध्ये लावलेले होते. समास नव्हता, दाबाची खूण नव्हती, सहीही नव्हती. तयार फ्रेमच्या मापात बसावे म्हणून फ्रेमवाल्याने कागद चारही बाजूंनी कापला होता, आणि तो सपाट राहावा म्हणून मागून संपूर्ण डिंक लावून हार्डबोर्डवर चिकटवला होता. एचिंगचा कागद प्रेसमध्ये फेल्टच्या, म्हणजे जाड लोकरी कापडाच्या, दाबाने प्लेटच्या खोल रेषांमध्ये शिरतो, त्यामुळे छापलेली रेषा कागदावर किंचित उठून राहते. चिकटवताना हार्डबोर्डवर घातलेल्या दाबाने तो उठावही बसून गेला होता.

मी स्नेह्यांना घेऊन त्या दुकानात गेलो. रागावून गेलो, हे खरे आहे. फ्रेमवाले वयस्क गृहस्थ होते, हातात कसब होते, आणि त्यांनी अतिशय शांतपणे सांगितले, “साहेब, चित्राला मी हातही लावला नाही. बाजूचा रिकामा कागद तेवढा काढला.” त्या वाक्याने माझा राग गेला, कारण त्यांच्यापुरते ते पूर्ण खरे होते. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते की हा कागद प्लेटवर ठेवून प्रेसमधून गेलेला आहे आणि समासासकट एक वस्तू आहे. ज्यांनी सांगायला हवे होते, त्या आपण सुशिक्षित मंडळींनी ‘हे प्रिंट आहे, ओरिजिनल नाही’ एवढेच वर्षानुवर्षे म्हटले. कॅलेंडरसारखी छापलेली प्रतिकृती आणि चित्रकाराने स्वतः कोरलेल्या प्लेटवरून हाताने काढलेला ठसा यांत आपण भेद केला नाही, तर कात्री चालवणाऱ्याला दोष कसा द्यायचा? त्या चित्राचे जे झाले ते भरून येणारे नाही, आणि या सभागृहातल्या निदान काही घरांत तरी असा एखादा कागद असेल म्हणून मी हे विस्ताराने सांगितले.

आता रेड्डी यांच्याकडे वळतो. त्यांचा जन्म १९२५ मध्ये चित्तूर भागातल्या नंदनूर या खेड्यात झाला. शांतिनिकेतनात ते नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकले, पुढे लंडनच्या स्लेड स्कूल या कलाशाळेत आणि तेथून पॅरिसला गेले. तिथे झाडकिन या शिल्पकाराकडे शिल्पकला शिकत असताना ते स्टॅन्ली विल्यम हेटर यांच्या ‘आतेलिए १७’ या कार्यशाळेत पोहोचले. हेटर मूळचे रसायनशास्त्राचे विद्यार्थी होते आणि चित्रकार होण्याआधी त्यांनी इराणमधल्या आबादानच्या तेल कंपनीत नोकरी केली होती. ठाणे-बेलापूर पट्ट्यात रंगाच्या कारखान्यात आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाला ही ओळख फार जवळची वाटते. १९२७ मध्ये त्यांनी कार्यशाळा सुरू केली. १९३३ मध्ये ती कांपान्य-प्रमिएर रस्त्यावरच्या १७ क्रमांकाच्या जागेत गेली आणि तोच क्रमांक तिच्या नावात राहिला. मिरो, अर्न्स्ट आणि जियाकोमेत्ती यांच्यासारखे नामवंत कलावंत तिथे काम करून गेले. युद्धकाळात कार्यशाळा न्यूयॉर्कला असताना अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉक यांनीही तिथे प्लेटा कोरल्या. हेटर बुरिन हे कोरण्याचे हत्यार वापरताना ते स्थिर धरून प्लेट फिरवायला शिकवत, त्यामुळे कोरलेल्या रेषेला हाताने काढलेल्या रेषेपेक्षा वेगळी, ताणलेली गती येते.

त्या कार्यशाळेत एका मुंबईकराचेही मोठे काम आहे, आणि त्याचे नाव मुंबईत फारसे घेतले जात नाही याचे मला मनापासून वाईट वाटते. कैको मोती १९२१ मध्ये मुंबईत जन्मले, जे. जे. मध्ये शिकले, रेड्डींप्रमाणेच स्लेडमार्गे पॅरिसला गेले. एकाच प्लेटवरून एकाच वेळी अनेक रंग छापण्याचे तंत्र त्या कार्यशाळेत आकाराला येत होते, तेव्हा रेड्डी आणि मोती दोघेही त्यात होते. श्रेय एकाच्या नावावर टाकण्याचा आग्रह मी धरत नाही. ज्या टेबलाभोवती ते घडले, त्या टेबलाभोवती दोन भारतीय होते, एवढे आपल्याला माहीत असावे.

ते तंत्र नीट समजून घेतल्याशिवाय रेड्डींच्या चित्राकडे पाहण्यात अर्थ नाही. पूर्वी रंगीत एचिंग काढायचे तर प्रत्येक रंगाला वेगळी प्लेट करावी लागे आणि त्या एकावर एक अचूक जुळवाव्या लागत. रेड्डी मुळात शिल्पकार. त्यांनी प्लेटच शिल्पासारखी घडवली. आम्लाने आणि हत्यारांनी, पुढे विजेवर चालणाऱ्या बारीक कटरनीही, तिच्यात अनेक पातळ्या खोदल्या. सर्वांत खोल रेषांत घट्ट शाई भरून वरचा भाग पुसून घ्यायचा. मग अळशीचे तेल जास्त घातलेली पातळ शाई कडक रोलरने फिरवायची. कडक रोलर खाली उतरत नाही, म्हणून ती फक्त उंच भागांना लागते. त्यानंतर तेल कमी असलेली दाट शाई मऊ रोलरने दाबून फिरवायची. मऊ रोलर खोलगट भागांपर्यंत पोहोचतो आणि तिथे आपला रंग ठेवतो, पण उंच भागांवर आधीच तेलकट शाई असल्यामुळे तिथे तो रंग धरत नाही. तेल लावलेल्या पोळपाटाला कणीक चिकटत नाही तसे. एवढे झाल्यावर प्लेट एकदाच प्रेसमधून जाते आणि सगळे रंग एका दाबात कागदावर येतात.

आमच्या कारखान्यात व्हिस्कॉसिटी, म्हणजे दाटपणा, रोज मोजली जाई, आणि तापमान वाढले की शाई पातळ होते, हे तिथल्या प्रत्येक कामगाराला ठाऊक होते. म्हणून मी खात्रीने सांगतो की या पद्धतीत दोन ठसे अगदी सारखे येणे ही अपेक्षाच चुकीची आहे. तेलाचे चार थेंब, रोलरवरचा दाब, त्या दिवशीची हवा, रंगांचा क्रम, यांतले काहीही बदलले की चित्र बदलते. रेड्डींच्या १९६३ च्या ‘व्हर्लपूल’मध्ये भोवरा बारीक बारीक चौकटींमध्ये फुटतो आणि तरीही फिरत राहतो, त्याच वर्षीच्या ‘वेव्ह’मध्ये लाट उसळते, पण पाण्याचे वर्णन कुठेही नाही. एका संग्राहकांकडे मला एकाच प्लेटचे दोन ठसे शेजारी ठेवून पाहता आले. एकात निळा वर आला होता आणि प्लेटमधली हालचाल पृष्ठभागावरून जात होती. दुसऱ्यात तोच निळा खोलात राहिला होता, आणि तीच हालचाल आतून वर येत होती. रेषा त्याच असताना अवकाश उलटला होता! एकच ठसा पाहिला असता, तर हे मला कधीही कळले नसते. प्लेट कायम ठेवून रेड्डी काय काय विचारत होते, ते दुसऱ्या ठशामुळे उघड झाले.

अध्यक्षांनी घड्याळाकडे बोट दाखवले आहे आणि पत्रिकेवर छापलेला विषय अजून बाकी आहे, तेव्हा आता भराभर सांगतो.

एकच मुद्राचित्रकार निवडावा, कारण त्याचा प्रवास पाहता येतो. रेड्डींचेच घ्या. १९५२ च्या ‘फिश’मध्ये मासा अजून ओळखू येतो, दहा वर्षांनी फक्त प्रवाह उरतो, आणि १९६८ च्या ‘डेमॉन्स्ट्रेटर्स’मध्ये, पॅरिसमधल्या त्या वर्षीच्या विद्यार्थी आंदोलनानंतर, माणूस पुन्हा उभा राहतो. अमूर्ताकडे जाणे आणि तिथून परतणे ही एक सलग विचारप्रक्रिया आहे, आणि एकेक सुटे चित्र भिंतीवर लावणाऱ्याला ती दिसत नाही. मोठ्या नावाचे परवडत नसेल, तर आज काम करणारा तरुण मुद्राचित्रकार निवडा. जे. जे. च्या किंवा बडोद्याच्या कार्यशाळांतून निघालेल्या एचिंगची किंमत कॅनव्हासच्या मानाने पुष्कळच कमी असते. त्याच्याकडून पूर्ण एडिशनमधला, म्हणजे एका प्लेटवरून काढलेल्या क्रमांकित ठशांमधला, एक ठसा घ्या आणि काम चालू असताना काढलेला एखादा प्रूफही मागा. प्रूफमध्ये पुसून टाकलेल्या रेषा दिसतात.

विकत घेताना चित्र काचेबाहेर काढून, खिडकीशी तिरपे धरून पाहावे. प्लेटच्या कडेची खूण आणि शाईचा उठाव तिरप्या उजेडातच कळतो. सपाट ठिपक्यांचे जाळे दिसले, तर ती यंत्रावरची प्रतिकृती आहे. पन्नासांतला तिसरा ठसा चाळिसाव्यापेक्षा चांगला, हा नियम ड्रायपॉइंटपुरता, म्हणजे आम्लाशिवाय सुईने थेट ओरखडलेल्या प्लेटपुरता, ठीक आहे, कारण तिथे रेषेची धातूची कड लवकर झिजते. रेड्डींच्या पद्धतीत क्रमांकावरून काहीच ठरत नाही, ठसाच पाहावा लागतो. चित्रकाराच्या हयातीत छापलेले कोणते आणि नंतरचे कोणते, हे लेखी घ्यावे. पोलॉक १९५६ मध्ये गेले आणि त्यांच्या त्या प्लेटांची एडिशन १९६७ मध्ये निघाली. असे ठसे खोटे नसतात, पण शाई आणि दाब ठरवणारा हात दुसऱ्याचा असतो, आणि किंमत त्याप्रमाणेच द्यावी.

शेवटचे, आपल्या हवेबद्दल. खाडीची दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांत कागदाला बुरशीचे तपकिरी ठिपके आणि कसर हे दोन्ही शत्रू आहेत. आम्लरहित माउंटबोर्डच वापरावा, काच कागदाला टेकू देऊ नये, कागद वरच्या दोन ठिकाणी जपानी कागदाच्या बिजागरीने लटकवावा, आणि पावसाची झड बसणाऱ्या भिंतीवर चित्र लावू नये. येऊरकडे तोंड असलेल्या घरांत संध्याकाळचे ऊन थेट आत येते, तिथेही नको. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की फ्रेम उतरवून मागची बाजू तपासावी. आणि फ्रेमवाल्याकडे चित्र देताना तिथेच उभे राहून सांगावे की समासाला कात्री लावायची नाही. माझ्या अनुभवाने सांगतो, एकदा कारण समजले की ही माणसे आपल्यापेक्षा जास्त जपतात.

मी आणलेले ठसे मागच्या टेबलावर फ्रेमविना ठेवले आहेत. हात धुऊन, कोरडे करून या, कागद दोन्ही हातांनी कडेला धरा, आणि दिव्याखाली तिरपा करून पाहा. प्रश्न तिथेच घेईन.