जास्त थंडीनेही लस वाया जाते

१२ जानेवारी २०२१. उजाडायचं होतं अजून, आणि पुण्यात मांजरीच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून कोविशील्डचे पहिले ट्रक एअरपोर्टकडे निघाले, आधी गाडीची रीतसर पूजा झाली, सगळ्या देशाने टीव्हीवर बघितलं ते. या लसीला लागतं २ ते ८ डिग्री. त्यातलं ८ सगळ्यांच्या लक्षात राहतं, २ कुणाच्याच नाही, आणि खरा घोळ तिथेच होतो.

कारण आपल्याला वाटतं जितकं थंड तितकं चांगलं. तसं नाहीये हो. धनुर्वात, घटसर्प, हिपॅटायटिस बी, या लसींमध्ये ॲल्युमिनियमचा क्षार असतो, लस गोठली की त्याचे बारीक कण एकमेकांना चिकटतात आणि बर्फ वितळला तरी परत सुटे होत नाहीत. लस गेली ती गेलीच. हिपॅटायटिस बी तर शून्याच्या खाली अर्धा डिग्री गेलं तरी गोठायला लागते.

म्हणून औषध कंपनीची कोल्ड रूम म्हणजे बटाट्याचं कोल्ड स्टोरेज नव्हे. मशीन ५ डिग्रीवर सेट असतं, पण खोलीत सगळीकडे ५ थोडंच असतं? पंख्याचा झोत जिथे थेट पडतो तिथे कमी, दार उघडलं की दाराशी जास्त, कॉइलवर बर्फ साचतो तो वितळवायला डिफ्रॉस्ट चालू झालं की परत फरक. मग मॅपिंग करतात. वर, खाली, कोपऱ्यात, रॅकच्या मागे डेटा लॉगर, म्हणजे तापमान टिपत राहणारी छोटी यंत्रं, लावायचे, खोली रिकामी असताना एकदा आणि माल भरून एकदा, दार उघडं ठेवून बघायचं, लाइट घालवून बघायचं. सगळ्यात थंड आणि सगळ्यात गरम जागा सापडली की कायमचे सेन्सर तिथेच बसतात. मला विचाराल तर कंप्रेसर किती टनाचा आहे यापेक्षा हे काम मोठं आहे. स्टँडबाय कंप्रेसर, जनरेटर, अलार्म हे तर हवंच.

आता हिपॅटायटिस बी लसीची ही बाटली बघा. लेबलवर गोल आहे, गोलात फिकट चौकोन. उष्णता लागत गेली की चौकोन गडद होतो, गोलाइतका झाला की लस बाद. फार हुशारीची गोष्ट आहे, पण गोठली होती का हे तो चौकोन सांगत नाही! त्यासाठी शेक टेस्ट. त्याच बॅचची एक बाटली मुद्दाम गोठवायची, वितळू द्यायची, मग दोन्ही हलवून शेजारी शेजारी ठेवायच्या. गोठलेलीत गाळ झपाट्याने तळाला बसतो आणि वर नितळ पाणी दिसतं. संशय असलेली बाटलीही तशीच वागली तर ती वापरायची नाही.

आणि ही काळजी कंपनीच्या गेटवर संपत नाही. लसीकरणाच्या दिवशी आरोग्य केंद्रातल्या सिस्टर डीप फ्रीजरमधले आइसपॅक लगेच डब्यात भरत नाहीत, बाहेर काढून ठेवतात, मधून मधून कानाशी धरून हलवून बघतात, आत पाणी वाजलं की मगच लसीशेजारी ठेवतात.