मायनॉटमध्ये रडारपेक्षा मोठी उणीव कोणती होती?

नमस्कार. मायनॉटच्या घटनेवर बोलावे, असा आग्रह तुमच्यापैकी अनेकांनी धरला आहे. घटनाक्रम बहुतेकांना ठाऊक असल्याने तो झटपट सांगतो. १८ जुलै २०२५ रोजी मिनियापोलिसहून आलेले स्कायवेस्टचे एम्ब्राएर १७५ विमान अमेरिकेतील नॉर्थ डकोटा राज्याच्या मायनॉट विमानतळावर उतरण्याच्या बेतात होते. त्याच सुमारास तेथील जत्रेवरून प्रदर्शनीय उड्डाण केलेले हवाई दलाचे बी-५२ बॉम्बर त्याच्या वाटेत आले. वैमानिकाने तातडीने तीव्र वळण घेऊन विमान बॉम्बरच्या मागून काढले आणि नंतर सुखरूप उतरवले.

‘या काळात रडार नाही?’ हा शेरा तुम्ही सतत लिहिता. मायनॉटच्या हवाई वाहतूक नियंत्रण मनोऱ्यात रडार नव्हते, हे खरे. अमेरिकेतील अनेक लहान मनोऱ्यांत नियंत्रक खिडकीतून पाहून आणि रेडिओवर ऐकूनच काम करतात. मात्र चर्चा तिथेच थांबते, याचा मला मनापासून त्रास होतो, कारण कळीचा मुद्दा पूर्वसूचनेचा आहे.

दोन विमाने सरळ रेषेत, स्थिर वेगाने एकाच बिंदूकडे येत असतील, तर समोरचे विमान कॉकपिटच्या काचेवर सरकताना दिसत नाही. ते एकाच जागी राहते आणि शेवटच्या काही क्षणांत झपाट्याने मोठे होते. डोळा हालचाल पटकन टिपतो, आणि इथे हालचालच नसते. म्हणून कुठे पाहायचे, हे आधी सांगावे लागते. मी एकदा प्रशिक्षण विमानात मागे बसलो होतो. रेडिओवर दिशा कळूनही दुसरे विमान मला बराच वेळ सापडले नव्हते. जमिनीवरून पाहणाऱ्या नियंत्रकालाही दोन विमानांमधील अंतर नजरेने नेमके ठरवता येत नाही, त्यामुळे त्यालाही माहिती आधीच मिळायला हवी. टीकॅसवर, म्हणजे टक्कर टाळण्यासाठी विमानातच बसवलेल्या इशारा यंत्रणेवर, विसंबा, असे काहीजण सुचवतात. परंतु जमिनीपासून सुमारे १००० फुटांच्या खाली ती यंत्रणा वर जा किंवा खाली या, असा आदेशच देत नाही.

पुण्यात असे होईल का, असेही विचारले गेले. लोहगावला नागरी आणि लष्करी विमाने एकच धावपट्टी वापरतात आणि नियंत्रण हवाई दलाकडेच आहे. मायनॉटला हवाई तळ वेगळा, नागरी मनोरा वेगळा आणि तो चालवणारी खासगी कंपनीही वेगळी. तळाकडे रडार असूनही बॉम्बरविषयी आपल्याला कुणीच कळवले नाही, असे त्या वैमानिकाने उतरल्यावर प्रवाशांना सांगितले. माझ्या मते चौकशीत सर्वांत आधी याचेच उत्तर मागितले पाहिजे.