तळ बदलला, मासा बदलला

(दृश्य : पांढऱ्याशुभ्र वाळूची टाकी. काचेजवळ एक पिवळा मासा.)

हा मासा आजारी नाही. पर शाबूत आहेत, कल्ले संथ हलतायत, दाणे टाकले की सगळ्यांच्या आधी वर येतो. पण आणला तेव्हाचा तो गडद पिवळा रंग कुठे गेला? आता तो धुवून काढल्यासारखा दिसतो.

हा लॅबिडोक्रोमिस सेरुलियस. मासे पाळणाऱ्यांचा 'इलेक्ट्रिक यलो'. सिक्लिड कुळातला, मूळचा आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचा. रंग उतरला की आपण खाण्याला दोष देतो आणि रंग वाढवणारे दाणे आणतो. खाण्याचा वाटा आहेच. पिवळ्या-लाल रंगाला लागणारी कॅरोटिनॉइड्स माशाला स्वतःच्या शरीरात तयार करता येत नाहीत, ती पोटातूनच यावी लागतात. पण दाण्यांचा डबा बदलण्याआधी माशाच्या पोटाखाली बघा. तिथे काय आहे? पांढरी वाळू.

(दृश्य : सूक्ष्मदर्शकाखाली खवला.)

खवल्यावरचे हे काळे ठिपके म्हणजे रंगपेशी. फांद्या फुटलेल्या, चांदणीसारख्या. आत मेलॅनिन या काळ्या रंगद्रव्याचे बारीक कण आहेत. कण फांद्यांच्या टोकापर्यंत पसरले की कातडी गडद दिसते. तेच कण मधोमध गोळा झाले की पेशी जागेवरच असते, पण काळेपणा टिंबाएवढा उरतो आणि मासा फिका पडतो. याला काही मिनिटं पुरतात.

निळ्या माशांची गंमत तर याहून मोठी. त्यांच्या निळाईत सहसा निळं रंगद्रव्य नसतंच. कातडीतल्या ग्वानिन नावाच्या पदार्थाचे स्फटिक प्रकाशातला निळा भाग परतवतात आणि बाकीचा प्रकाश खालचा काळा थर गिळतो. तो थर आक्रसला, की निळा रंग पांढुरका होतो. म्हणजे ज्या काळ्याकडे आपलं लक्षही जात नाही, त्याच्याच जोरावर निळा उठून दिसतो.

आता वाळूचा हुकूम कातडीपर्यंत पोहोचतो कसा? डोळ्यातून. वरून येणारा उजेड डोळ्याच्या पडद्याच्या खालच्या भागावर पडतो आणि तळावरून उसळलेला उजेड वरच्या भागावर. मासा या दोन्हींचा ताळा घेतो. खालूनही लख्ख उजेड येतोय म्हणजे आपण उजळ जमिनीवर आहोत, इथे गडद अंग वरून टिपणाऱ्याला लगेच दिसेल. मग मज्जातंतू आणि संप्रेरकं कामाला लागतात. हीच स्थिती आठवडेच्या आठवडे टिकली, तर काळ्या पेशींची संख्याच घटते. म्हणून वाळू बदलल्यावर थोडा फरक लवकर दिसतो, पण पुरता रंग भरायला धीर धरावा लागतो.

(दृश्य : डिस्कस माशांची टाकी.)

मग सगळ्यांच्याच टाकीत काळी वाळू घालायची का? नाही. 'पिजन ब्लड' जातीचा हा डिस्कस बघा. काळ्या तळावर याच्या केशरी अंगावर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके उठतात. म्हणून त्याला पाळणारे मुद्दाम फिकट पार्श्वभूमी ठेवतात. माशाची जात पाहूनच तळ निवडायला हवा.

आणि परिसर म्हणजे फक्त वाळू नव्हे. शेजारीही आलेच. टांगानिका सरोवरातल्या अ‍ॅस्टाटोटिलापिया बर्टोनी या सिक्लिड माशाचा दबदबा असलेला नर निळा किंवा पिवळा झळकतो, डोळ्यावरून काळी पट्टी ओढलेली असते. दबलेले नर मातकट. तो दांडगा नर टाकीतून काढा. काही मिनिटांतच दबलेल्यांपैकी एकाच्या डोळ्यावर ती पट्टी उमटू लागते. म्हणूनच लपायला कपारी नसलेल्या टाकीत एकाच माशाचा रंग खुलतो आणि बाकीचे दिवसभर मार चुकवत फिके राहतात. मला तरी रंगाच्या सगळ्या तक्रारींत हीच सर्वांत जास्त बोचते.

(दृश्य : हिरवट, गढूळ पाणी.)

उजेड बिघडला तर काय होतं, हे आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवराने दाखवलं. 1997 साली जीवशास्त्रज्ञ ओले सीहाउझेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात ते मांडलं. पाणी गढूळ झालं, तिथे नरांचे रंग मंदावले. लाल नर कोणता, निळा कोणता, हे माद्यांना ओळखता येईना. जवळच्या जाती एकमेकींत मिसळू लागल्या. टाकीतला स्वस्त, एकसुरी दिवा जात बुडवणार नाही, पण ज्या दिव्यात लाल नाहीच, त्याखाली लाल मासा लाल दिसणार कसा?

(दृश्य : पहिलीच टाकी. आता तळाशी गडद वाळू, मागे खडकांची रास.)

वाळू एका दमात बदललेली नाही. तिच्यात पाणी शुद्ध ठेवणारे जिवाणू राहतात, म्हणून थोडी थोडी काढली, थोडी थोडी घातली. दाणे पूर्वीचेच, दिवाही तोच.

तो बघा, कपारीतून बाहेर येतोय. पाठीवरचा पर उभारलाय. त्याच्या कडेची काळी रेघ पुन्हा ठसठशीत झालीय, आणि तिच्याखाली पिवळा.