रविवारचे लग्न आणि शुक्रवारचे लेझर

श्रोतेहो, नमस्कार. मूळव्याधीच्या लेझर शस्त्रक्रियेबद्दल बोलायला बसलो की मला निवृत्तीला आलेले एक एस.टी. चालक आठवतात. एका गुरुवारी ते माझ्याकडे आले, खुर्चीच्या कडेवर अर्धवट टेकले आणि म्हणाले, "साहेब, उद्या लेझर मारून टाका. रविवारी पुतणीचे लग्न आहे, पंगतीत मांडी घालून बसायचे आहे." त्यांच्या हातात जाहिरातीचा कागद होता. टाका नाही, वेदना नाही, संध्याकाळी घरी, असे त्यावर लिहिले होते. संध्याकाळी घरी जाता येते, हे बहुतेक वेळा खरे असते. वेदनेची गोष्ट मात्र तपशिलाने सांगावी लागते, आणि तपशील मोठ्या अक्षरांत छापला जात नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

तपासणीत दिसले की शौचाच्या वेळी मोड बाहेर येतात आणि बोटाने आत ढकलावे लागतात, म्हणजे मूळव्याध तिसऱ्या श्रेणीची होती. शिवाय बाहेर कातडीची एक लोंबती घडी होती. शुक्रवारी लेझर केले तर रविवारी बसणे कठीण होईल, असे मी सांगताच त्यांनी विचारले, "लेझर म्हणजे उजेडच ना साहेब? उजेडाने कसली जखम होते?" मी म्हणालो, "मे महिन्यात तुमच्या गाडीचे स्टिअरिंग हाताला चटका देत नाही काय?" ते खळखळून हसले आणि शस्त्रक्रिया लग्नानंतर करायचे ठरले. पंगतीत ते बसले नाहीत. कंबर बांधून जिलेबी वाढत राहिले.

तो चटका हेच लेझरचे काम आहे. भूल दिल्यावर बारीक छिद्रातून मोडाच्या आत एक तंतू सरकवतात आणि बहुधा १४७० नॅनोमीटर लांबीच्या प्रकाशलहरींच्या उष्णतेने आतील रक्तवाहिन्या बंद करतात. मोड कापून काढला जात नाही, तो आतून भाजला जातो आणि पुढील काही आठवड्यांत आक्रसतो. सुश्रुतसंहितेत अर्शावर, म्हणजे मूळव्याधीवर, औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र असे चार उपाय सांगितले आहेत. लेझरला मी त्यातील अग्नीच मानतो, मग त्याची किंमत कितीही आधुनिक असो.

पुन्हा सांगतो, मोड त्याच दिवशी नाहीसा होत नाही. चौथ्या दिवशी आमच्या चालकांचा फोन आला, "साहेब, हे तर उलट सुजले!" सूज, थोडे रक्त आणि ओलसर स्राव काही दिवस राहू शकतो. १९३७ साली मिलिगन आणि मॉर्गन या शल्यविशारदांनी मांडलेल्या, मोड कापून काढण्याच्या पद्धतीपेक्षा लेझरनंतर दुखणे सहसा कमी असते. परंतु मूळव्याध पुन्हा होण्याची शक्यता लेझरनंतर अधिक असते. चौथ्या श्रेणीच्या मोठ्या, सतत बाहेर राहणाऱ्या मोडांना कापणेच बहुधा योग्य ठरते. बाहेरील कातडीची घडीही लेझरच्या तंतूने जात नाही. दीड-दोन महिन्यांनी त्यांचे मोड गेले, घडी मात्र राहिली, आणि तिच्याबद्दल ते बराच काळ माझ्यावर रुसून होते.

दोन वर्षांनी ते परत आले, कारण रक्त पुन्हा दिसू लागले होते. शौचालयात मोबाईल घेऊन अर्धा तास बसण्याची सवय त्यांनी सोडली नव्हती. माझ्या मते त्या खोलीच्या दारावरच मोबाईल काढून घेणारा पहारेकरी ठेवला पाहिजे. रक्त पडले की मूळव्याधच, असे गृहीत धरू नये, विशेषतः या वयात. म्हणून आधी दुर्बिणीने मोठे आतडे तपासले आणि तेथे काही वावगे आढळले नाही. आतील एक लहान मोड तेवढा वाढला होता. त्याच्या मुळाशी आवळणारा छोटा रबर बँड लावू, भूल लागणार नाही, असे मी सांगितले.

ते उठून बसले. "एवढे लेझर केले आणि शेवटी रबर बँड?"

बँड लावून ते स्वतःच्या पायांनी घरी गेले. पुढच्या आठवड्यात पुतणीच्या बाळाचे बारसे होते.