मंगळवारच्या वर्गाचं भाडं

अध्यक्ष महाशय आणि मंडळी,

विषय कलाशिक्षणाचा आहे आणि मी बोलणार आहे पैशांबद्दल. खजिनदाराला व्याख्यानाला बोलावलं की हे व्हायचंच. आमच्या गावातल्या एका छोट्या संगीत-नाट्य वर्गाचे हिशेब मी बरीच वर्षं लिहितोय. गायन, तबला, शनिवारी बालनाट्य. नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे, जागा भाड्याची. फी सांगायची लाज वाटावी इतकी कमी, आणि वाढवली की ज्या मुलांसाठी हा खटाटोप मांडला तीच पहिल्यांदा यायची बंद होतात.

थोडं मागे जाऊ. ५ मे १९०१ला गायक पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. कुणा संस्थानिकाच्या मर्जीवर नाही, लोकांच्या पैशावर. तेव्हा ही नवलाईच होती. पण लोकांचा पैसा म्हणजे बराचसा जलशांचा पैसा. पंडितजी गावोगाव गायचे आणि त्या कमाईतून शाळा चालवायचे. कितीतरी शिष्य त्यांच्याकडेच राहायचे, जेवायचे. पुढे मुंबईत इमारत उभी राहिली, तिच्यापायी कर्ज झालं, ते फिटेना, आणि इमारत लिलावात गेली. घराघरात नाव असलेल्या गवयाची ही गत! त्यांचे शिष्य मात्र पांगले नाहीत. देवधर मास्तरांनी मुंबईत, विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ला पुण्यात विद्यालयं काढली. मला खजिनदार म्हणून यातलं एवढंच दिसतं की जलशाला गर्दी करणाऱ्या लोकांनी शाळेचं कर्ज काही फेडलं नाही.

आमच्याकडे आजही तेच. वार्षिक कार्यक्रमाला पैसे जमतात. स्मरणिका काढली की सराफ, पतसंस्था, पॅथॉलॉजी लॅब जाहिराती देतात. मलपृष्ठासाठी तर दोघांत चढाओढ लागते. नाटकाचा प्रयोग लावला की देणगी प्रवेशिका खपतात. वडिलांच्या स्मरणार्थ पेटी द्यायला मुलगा स्वतःहून येतो, पेटीवर नाव कुठे घालायचं हेही ठरवून येतो. पण मंगळवारी संध्याकाळी सात मुलं सा लावत बसतात, त्या दोन तासांचं भाडं, विजेचं बिल, पावसाळ्यात उतरलेल्या तबल्याची पुडी म्हणजे वरचं चामडं, याला दाता मिळत नाही. आणि गुरुजींचं मानधन! आमचे तबल्याचे गुरुजी लग्नसराईत सुट्टी मागतात. एका रात्रीच्या ऑर्केस्ट्रात त्यांना आमच्या महिन्याएवढं मिळतं. मी कोणत्या तोंडानं नाही म्हणू?

मग कुणीतरी सुचवतं, सीएसआर मिळवा की, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यासाठी द्यायचा पैसा. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी किंवा उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून जास्त, तिनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करायचे. कोणती कामं चालतात याची यादी कायद्याच्या परिशिष्ट सातमध्ये आहे; तिच्यात शिक्षण आहे, कला आणि संस्कृतीही आहे. कागदावर आम्ही अगदी चपखल बसतो. एका कंपनीच्या अधिकाऱ्यांना भेटलो. माणूस सज्जन, चहा पाजला. विचारलं, ‘किती मुलांपर्यंत पोचता?’ मी म्हटलं, चाळीस. ते म्हणाले, ‘चार हजार करता येतील का?’ चार हजार मुलांना एकदम भूप राग शिकवायचा म्हणजे लाउडस्पीकरच लावावा लागेल! पण त्यांचंही खरं आहे. लाखाच्या देणगीला जेवढे कागद, तेवढेच कोटीच्या देणगीला. मग लाखाच्या मागे कोण धावेल?

पुढचं वाक्य मात्र मला झोंबलं. ‘पगारावर आम्ही ५ टक्क्यांपेक्षा जास्त देत नाही, नियम आहे.’ घरी येऊन नियम वाचला. ती ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या खर्चाला आहे. प्रत्यक्ष उपक्रमाच्या खर्चाला नाही. आणि आमच्याकडे गुरुजी हाच उपक्रम! शाळेला बाक द्या, संगणक द्या, दिसतात. इथं एक माणूस दुसऱ्यासमोर बसून वर्षानुवर्षं चुका काढतो, बाकी काही नाही. तुमच्यापैकी कुणी अशा बैठकीला जाणार असेल तर तो नियम छापून घेऊन जा.

लहान देणगीदारांचंही गणित बदललंय. रोख २,००० रुपयांच्या वर दिले तर ८०-जीची, म्हणजे देणगीवरची प्राप्तिकराची सवलत नाही, हे बहुतेकांना माहीत असतं. पण पगारदार मंडळी नव्या करप्रणालीत गेली की ही सवलतच उरत नाही, हे देणगीची पावती फाडून झाल्यावर कळतं. मार्चअखेरीला हटकून येणारे फोन त्यामुळे कमी झालेत. आमचं काम मात्र वाढलं. प्रत्येक देणगीदाराचा पॅन किंवा आधार घेऊन ३१ मेपर्यंत विवरणपत्र भरा, उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. पाचशे रुपये देणाऱ्या आजींकडे आधार कार्ड मागताना मी खाली बघतो.

दहावीच्या वाढीव गुणांनी वर्ग भरले, हे कबूल केलं पाहिजे. शास्त्रीय कलेच्या परीक्षा पास झाल्या की दहावीला जादा गुण मिळतात म्हणून सातवी-आठवीत मुलं येतात, दहावी झाली की जातात. आवाज जरा कुठे बसायला लागलेला असतो.

गेल्या वर्षी आम्ही एक साधी वही केली. बारा महिने, बारा पानं. एका घरानं एका महिन्याचं भाडं द्यायचं. पाटी नाही, सत्कार नाही. त्या महिन्यातल्या एका मंगळवारी येऊन मागच्या सतरंजीवर बसायचं आणि मुलं काय करतात ते ऐकायचं, बस्स. एक काका आले ते दर मंगळवारी येतात, आता पायपेटीचा भाता दुरुस्त करून देतात.

दहा पानांवर नावं आहेत. जून आणि मार्च कोरे आहेत. जूनमध्ये घरोघरी शाळेच्या फिया असतात आणि मार्चमध्ये कर, त्यामुळे ते समजू शकतो. वही मागच्या टेबलावर चहाच्या थर्मासशेजारी ठेवलीय.