भरलेली पिकअप आणि आपोआप लागणारा ब्रेक

[दृश्य: बेळगावचे भाजी मार्केट, उजाडण्यापूर्वीची वेळ. पिकअपच्या हौद्यात कोबीची पोती रचली जात आहेत.]

बेळगावच्या भाजी मार्केटमधून गोव्याकडे रोज माल जातो. आसपासच्या गावांतून आलेला कोबी, फ्लॉवर, मिरची, गाजर आणि बटाटा घेऊन पिकअप आणि 'छोटा हत्ती' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लहान मालगाड्या जांबोटीचा रस्ता धरतात, कणकुंबी मागे टाकून चोर्ला घाट उतरतात आणि केरी, साखळी करत बाजाराच्या वेळेला गोव्यात पोहोचतात. उशीर झाला तर भाव पडतो, त्यामुळे पावसात, धुक्यात आणि अपुऱ्या झोपेवरही ही वाहतूक थांबत नाही. या गाड्या थांबतात कशा, त्यांना थांबवणारी यंत्रणा किती असावी आणि ती कोणाच्या भरवशावर असावी, हा या माहितीपटाचा विषय आहे.

पिकअपमध्ये येऊ लागलेल्या स्वयंचलित सुरक्षा यंत्रणा गरजेपेक्षा जास्त झाल्या आहेत का, असा प्रश्न आज अनेक देशांत विचारला जातो. समोर अडथळा दिसताच स्वतः लागणारे ब्रेक, गाडी पट्ट्याबाहेर गेली की वाजणारी सूचना, चालकाला डुलकी लागते आहे का हे पाहणारा कॅमेरा, अशा यंत्रणांची यादी लांबत चालली आहे. सीमाभागातल्या गॅरेजमध्ये आणि भाड्याच्या थांब्यांवरही याच सुरात बोलले जाते की गाडी जितकी साधी तितकी ती टिकते, आणि सेन्सर आला की खर्च मागोमाग येतो. हे बोलणे अनुभवातून आलेले आहे, म्हणून ते गांभीर्याने तपासले पाहिजे. मात्र त्याआधी आपण नेमक्या कोणत्या पिकअपविषयी बोलत आहोत, हे ठरवणे भाग आहे.

या वादाला सर्वांत जास्त धार आहे ती अमेरिकेत, कारण तिथे पिकअप शेतावरही राबते आणि घरची मोटार म्हणूनही वापरली जाते. घसरू लागलेली गाडी चाकागणिक ब्रेक लावून सावरणारी ईएससी ही यंत्रणा तिथे २०१२ च्या मॉडेलांपासून सर्व हलक्या वाहनांना बंधनकारक झाली आणि मागचे दृश्य दाखवणारा कॅमेरा मे २०१८ पासून. एप्रिल २०२४ मध्ये आणखी एक नियम झाला. त्यानुसार सप्टेंबर २०२९ पासून तिथल्या नव्या हलक्या गाडीने ताशी सुमारे १०० किलोमीटर वेगापर्यंत पुढच्या वाहनाला न धडकता स्वतः थांबले पाहिजे आणि पादचारी दिवसाप्रमाणे रात्रीही ओळखला पाहिजे. कंपन्यांनी त्यावर आपली भर घातली. फोर्डच्या २०१६ च्या एफ-१५० मध्ये जोडलेला ट्रेलर मागे घेताना चालकाने फक्त एक बटण वळवायचे असते, स्टिअरिंग गाडीच फिरवते. अशा गाड्यांत अनेकदा बंपरमध्ये रडार असते आणि पुढच्या काचेमागे कॅमेरा असतो. काच बदलली की त्या कॅमेऱ्याची दिशा पुन्हा जुळवून घ्यावी लागते, आणि जे काम पूर्वी काच बसवणारा एकटा करत असे, त्यासाठी वेगळे उपकरण आणि वेगळा तंत्रज्ञ लागतो. अशी गाडी घेणाऱ्याला हा पसारा जास्त वाटला तर त्यात काही नवल नाही.

तरीही आकडे पाहिले की त्या पसाऱ्यातले सगळेच फुकट आहे असे म्हणता येत नाही. विमा कंपन्यांच्या निधीवर चालणाऱ्या आयआयएचएस या अमेरिकी संशोधन संस्थेने २०२२ मध्ये पिकअपचा स्वतंत्र अभ्यास केला, तेव्हा आपोआप ब्रेक असलेल्या पिकअप पुढच्या वाहनाला मागून धडकण्याचे प्रमाण ४३ टक्क्यांनी कमी आढळले. याच संस्थेच्या दुसऱ्या एका अभ्यासात पादचारी ओळखणाऱ्या ब्रेकमुळे त्यांना होणाऱ्या धडका एकूण २७ टक्क्यांनी घटल्या होत्या, परंतु दिवे नसलेल्या रस्त्यावर अंधारात काहीच फरक दिसला नव्हता. बेळगाव जिल्ह्यातल्या गावांना जोडणारे बहुतेक रस्ते रात्री अंधारात असतात, हे लक्षात घेतले की या दुसऱ्या निष्कर्षाचे वजन आपल्यासाठी किती आहे ते कळते.

[दृश्य: रांगेत उभ्या पिकअप. एकीच्या मागच्या चाकाजवळ कॅमेरा खाली जातो.]

आता आपल्या गाडीकडे येऊ. टोयोटाची हायलक्स २०२२ मध्ये भारतात आली तेव्हा तिची किंमत ३३.९९ लाखांपासून सुरू होत होती, आणि त्यात सात एअरबॅगांपासून घाट उतरताना वेग धरून ठेवणाऱ्या यंत्रणेपर्यंत बरेच काही होते. भाजी मार्केटमध्ये ती गाडी दिसत नाही. तिथे उभ्या असतात बोलेरो पिकअप, टाटा योद्धा, अशोक लेलँडची दोस्त. या दहा लाख रुपयांच्या आसपासच्या, हप्त्यांवर घेतलेल्या आणि केए-२२ किंवा केए-२३ पासिंगच्या गाड्या आहेत. त्यांच्या बाबतीत यंत्रणा जास्त झाल्याची तक्रार करायला मुळात तेवढ्या यंत्रणाच नाहीत. पण यांतल्या अनेक गाड्यांत आपोआप काम करणारी एक जुनी यंत्रणा आहे, जिच्यात ना संगणक आहे ना सेन्सर, आणि तिच्याकडे जवळून पाहिल्याशिवाय पुढचे बोलण्यात अर्थ नाही.

मागच्या आसाच्या वर, चासीला बोल्टने बसवलेला मुठीएवढा एक लोखंडी भाग पडद्यावर दिसतो आहे. त्यातून ब्रेक ऑईलच्या नळ्या जातात आणि त्याचा दांडा एका स्प्रिंगने खाली आसाला जोडलेला असतो. गॅरेजमध्ये याला एलएसपीव्ही म्हणतात. गाडी रिकामी असली की चासी आणि आस यांच्यातले अंतर जास्त असते, दांडा सैल राहतो आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकचा दाब कमी ठेवतो, कारण रिकाम्या हौद्याखालची हलकी चाके जास्त दाबाने जाम होतील आणि गाडीचे बूड फिरेल. हौद्यात माल चढला की पाटे, म्हणजे चासी आणि आस यांच्यामधल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, दबतात, चासी खाली येते, दांडा ओढला जातो आणि मागच्या ब्रेकना जास्त दाब मिळतो. चालकाला यातले काही करावे लागत नाही. हौद्यात किती वजन आहे हे गाडीला तिच्या बसण्यावरून कळते.

आपल्याकडे काय होते ते आता पाहा. गाडी घेतल्यावर अनेक जण सर्वांत आधी पाटे वाढवून घेतात. जास्तीचे एक-दोन पाटे घातले की दीड टन क्षमतेच्या गाडीवर दोन-अडीच टन माल चढतो, तरी ती बसलेली दिसत नाही, आणि मालकाला गाडी मजबूत झाल्याचे समाधान मिळते. परंतु गाडी पुरेशी बसली नाही म्हणजे दांडाही पुरेसा ओढला गेला नाही. हौद्यात क्षमतेपेक्षा जास्त माल आहे आणि व्हॉल्व्हच्या लेखी गाडी हलकीच आहे, म्हणून तो मागच्या ब्रेकना हवा त्यापेक्षा कमी दाब देतो. थांबवण्याचा जास्तीचा भार पुढच्या ब्रेकवर येतो, घाटात ते तापतात आणि थांबण्याचे अंतर वाढत जाते. उलट दांडा गंजून भरलेल्या स्थितीत अडकला किंवा कोणी तो तारेने बांधून ठेवला, तर परतीच्या रिकाम्या फेरीत मागची चाके जाम होण्याचा धोका उभा राहतो. कारखान्याने विचारपूर्वक बसवलेली यंत्रणा अशा रीतीने निकामी होते, आणि तिचा मालक मात्र गाडीत कोणतीही यंत्रणा नाही असेच समजत राहतो.

चालकांच्या बोलण्यात रिकामी गाडी नाचते असे येते, आणि ते शब्दशः खरे आहे. माल उतरवून चोर्ल्याने वर येताना, पावसाने निसरड्या झालेल्या वळणावर, मागच्या चाकांवर वजन नसते आणि त्याच चाकांना इंजिनाचे बळ मिळत असते. इथे एबीएस आणि ईएससी यांचा उपयोग निर्विवाद आहे. एबीएसमध्ये चाकाजवळच्या दातेरी कड्यावरून सेन्सर चाकाची गती मोजतो आणि चाक जाम होऊ लागताच त्याचा ब्रेक सेकंदाला अनेक वेळा सोडून पुन्हा लावतो, त्यामुळे स्टिअरिंग चालकाच्या हाती राहते. खडीवर किंवा मुरुमावर एबीएसने थांबण्याचे अंतर कधी कधी वाढतेही, आणि कच्च्या रस्त्यावर गाडी चालवणाऱ्याची त्याविषयीची तक्रार खोटी नसते; पण वळणावर गाडी दरीकडे न जाता रस्त्यावर राहणे हे काही हात जास्त अंतराच्या मोबदल्यात स्वीकारण्यासारखे आहे, असे आमचे मत आहे.

एक मर्यादा मात्र कोणतीही यंत्रणा ओलांडत नाही. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडली की इंजिनाचा अटकाव संपतो आणि सगळे वजन ब्रेकवर येते. इंजिनच बंद केले तर ब्रेकला मदत करणारी निर्वात पोकळी चार-दोन वेळा पाय दाबण्यात संपून जाते. अति तापलेल्या ब्रेक लायनरमध्ये पुरेसे घर्षणच उरलेले नसते, आणि जे घर्षण नाही ते एबीएस कुठून आणणार?

[दृश्य: राष्ट्रीय महामार्ग ४८, निपाणी ते संकेश्वर, रात्र. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर.]

आपोआप लागणाऱ्या ब्रेकची खरी परीक्षा इथे आहे. गळीत हंगाम सुरू झाला की निपाणी, चिकोडी, हुक्केरी, रायबाग, अथणी या भागांतल्या रस्त्यांवर रात्रभर ऊस धावतो. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलाखाली, आणि ट्रॉलीच्या बाहेर आलेली उसाची टोके. तवंदी घाटाच्या चढावर हा ट्रॅक्टर माणसाच्या धावण्याएवढ्या वेगाने जात असतो आणि मागून पिकअप ताशी ऐंशीच्या वेगाने येत असते. डिपरच्या उजेडात ट्रॉली दिसेपर्यंत ब्रेकला पुरेसे अंतर उरलेले नसते. रडारला अंधाराची अडचण नाही, म्हणून तत्त्वतः याच ठिकाणी त्याची सर्वाधिक गरज आहे. पण ऊस लोखंडाइतक्या जोमाने लहरी परतवत नाही, आणि दिव्यांची जोडी व नंबरप्लेट असलेली वाहनांची पाठ ओळखायला शिकलेल्या कॅमेऱ्यापुढे उसाचा हिरवट भारा येतो.

त्यात भरलेल्या गाडीची आणखी एक गोष्ट आहे. मागे वजन आले की गाडीचे नाक वर होते. हेडलाईटचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो हे सर्वांना माहीत आहे, परंतु बंपरमधल्या रडारची आणि काचेमागच्या कॅमेऱ्याची नजरही त्याच कोनात वर उचलली जाते. मोटारीचे वजन चार माणसांनी फारसे बदलत नाही. पिकअपचे हौदा भरला की जवळजवळ दुप्पट होते. मोटारीसाठी बनवलेली यंत्रणा तशीच उचलून पिकअपला लावली आणि ती चुकीच्या वेळी ब्रेक मारू लागली, तर दोष यंत्रणेच्या जास्तपणाचा नाही. भरलेल्या गाडीवर, अशा रस्त्यावर तिची पुरेशी परीक्षा झालेली नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

पांढऱ्या पट्ट्यांवरून रस्ता ओळखणाऱ्या यंत्रणेविषयी फार बोलण्याची गरज नाही. जांबोटी रस्त्यावर पट्टे जागोजागी पुसलेले आहेत, आणि तिथल्या पिकअपला ती यंत्रणा लावणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे.

दुरुस्तीचा प्रश्न मात्र सोडून देता येणार नाही. बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छे या औद्योगिक वसाहतींत वाहनांचे ओतीव सुटे भाग तयार होतात, धातू आणि यंत्र यांची जाण या शहरात पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि तरीही सेन्सरचा दिवा लागला की गाडी शोरूमला न्यावी लागते, कारण स्कॅनर आणि दुरुस्तीची माहिती तिथेच असते. खानापूरच्या फिटरला ती मिळत नाही. दिवसाचे भाडे बुडवून शोरूममध्ये गाडी उभी करणे ज्याला परवडत नाही तो चालक दिव्यावर चिकटपट्टी लावतो, आणि त्या पट्टीखाली एबीएस बंद पडलेले असते. दुरुस्तीची माहिती आणि साधने रास्त किमतीत तालुक्याच्या गॅरेजपर्यंत पोहोचवण्याचे बंधन कंपन्यांवर नसेल, तर चांगली यंत्रणाही दोन-तीन पावसाळ्यांनंतर शोभेपुरती उरेल.

नियमांच्या पातळीवर पिकअप दोन वर्गांच्या मधोमध अडकली आहे. १ एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचे झाले ते प्रवासी मोटारींना. ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनकॅप या चाचणीत गाडी धडकवून तिच्या सुरक्षेचे तारे ठरतात तेही प्रवासी मोटारींचे. दुसऱ्या बाजूला मार्च २०२५ च्या मसुद्यात केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने आपोआप ब्रेक, डुलकीची सूचना आणि लेनची सूचना सुचवली ती बसगाड्यांना आणि मालासह एकूण वजन साडेतीन टनांवर असलेल्या ट्रकना. केबिनमधले वातानुकूलनही ट्रकच्या याच मोठ्या वर्गांना सक्तीचे झाले. साडेतीन टनांखालची मालवाहू गाडी, म्हणजे एन-१ हा वर्ग, या सगळ्यांतून निसटतो. युरोपमध्ये जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या याच वर्गाच्या प्रत्येक नव्या गाडीला आपोआप ब्रेक आणि मागचा अडथळा ओळखणारी यंत्रणा बंधनकारक आहे.

भारतात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत ४४.५ टक्के दुचाकीवर होती आणि १९.५ टक्के पायी चालत होती. पिकअपच्या पुढे असतात ती हीच माणसे: दुधाचे कॅन लावून चाललेला मोटरसायकलवाला, कारखान्याची पाळी संपवून घरी निघालेली बाई, शाळेची मुले. म्हणून एन-१ वर्गासाठी आमची मागणी स्पष्ट आहे. एबीएस आणि ईएससी प्रत्येक नव्या पिकअपमध्ये असावे, आणि त्यासाठी महागड्या मॉडेलकडे बोट दाखवले जाऊ नये. मागे घेताना मूल दिसेल असा कॅमेरा असावा, कारण भरलेल्या हौद्यामुळे मधल्या आरशात काही दिसत नाही. आपोआप लागणारा ब्रेक हौदा पूर्ण भरून, रात्री, दिवे नसलेल्या ट्रॉलीमागे तपासला जावा आणि मगच सक्तीचा व्हावा. फिटनेसच्या तपासणीत पाटे मोजले जावेत, एलएसपीव्हीचा दांडा हलवून पाहिला जावा. आणि साखर कारखान्यांनी ऊस घेऊन येणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीला मागचा दिवा आणि स्वच्छ रिफ्लेक्टर असल्याशिवाय ती वजनकाट्यावर घेऊ नये. त्यासाठी कोणत्याही नव्या संशोधनाची वाट पाहावी लागत नाही, हे येत्या हंगामातच करता येईल.